बंधाऱ्याची शेवटची पाटी

लग्न होऊन आली तेव्हापासून भागीरथाबाई दरसाल भाकरीचं टोपलं घेऊन बंधाऱ्यापर्यंत जायची, पण काठापर्यंतच. बंधाऱ्यावर पाऊल ठेवणं हे बाईचं काम नव्हतं. तसं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं बरं का, पण सगळ्या गावाला ठाऊक असलेल्या गोष्टी लिहायच्या कशाला! पावसाळा सरला की तिचा नवरा बाबनराव गड्यांना घेऊन खांबांमधल्या गाळ्यांत लोखंडी पाट्या उतरवायचा. एकेक पाटी उचलायला चार-चार गडी. पाट्या बसल्या की नदी थांबायची आणि गावच्या विहिरींना उन्हाळाभर पाणी पुरायचं. ज्यानं कुणी त्या पाट्या आखल्या, त्याच्या डोळ्यांपुढे गडीच होते, दुसरं कोण असणार!

आता गडी उरलेत कुठे? कुणी बुटीबोरीच्या कंपनीत, कुणी कळमन्याच्या बाजारात हमालीला. बाबनरावाचा खुबा गेलेला, जुन्या पाट्या यंदा चोरांनी भंगारात घातलेल्या. त्यात पावसानंही ताळतंत्र सोडलं. महिन्याचं पाणी चार दिवसांत ओतून मोकळा होतो, आणि मग ऑक्टोबरात नुसतं रणरणतं ऊन. दिवाळीपर्यंत वाहणारी नदी आता कोजागिरीलाच रोडावते. मागच्या साली गडी जमेस्तोवर सगळं पाणी निघून गेलं, आणि फेब्रुवारीपासून पारशिवनीजवळच्या या गावच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन रानोमाळ हिंडल्या. गडी नाही हिंडले, बायका हिंडल्या. ही चीड भागीरथाबाईच्या मनात घर करून होती.

यंदा नागपूरहून मिनल मॅडम आली. जलसंधारणाची इंजिनीअर, तिथल्याच जरीपटक्यात वाढलेली, जिभेला तिखट. सरपंचाकडे चहाला न थांबता ती सरळ बायकांच्या घोळक्यात येऊन बसली आणि डोक्यावर चाऱ्याचा भारा केवढा पेलता म्हणून विचारू लागली. नुसतं विचारलं नाही, भारे तोलून पाहिले. मग दोघींना उचलता येतील अशा फायबरच्या पाट्या करून आणल्या. गड्यांनी पोटभर हसून घेतलं. या पाट्या वाहत जाऊन थेट कन्हान नदीत सापडतील, असं बाबनरावानं छातीठोक सांगितलं.

पाट्या उतरवायच्या दिवशी भागीरथाबाई पहिल्यांदा बंधाऱ्यावर चढली. खांब धरत धरतच पुढे सरकली, खोटं कशाला बोला! मिनलनं प्रत्येकीच्या कमरेला दोर बांधून तो वरच्या लोखंडी गजाला अडकवला. एकेक गाळा बंद होत गेला, तसतशा बायका खुलल्या. पण नदीचं एक दार बंद केलं की ती उरलेल्या दारातून दुप्पट जोरानं निघते. शेवटच्या गाळ्यात सगळी नदी एकवटली, आणि तिथली शेवटची पाटी अर्ध्यात जाऊन अडकली. खालच्या फटीतून पाणी भसाभसा निघून जात होतं.

लोखंडी पाटी स्वतःच्या भारानंच खाली बसायची, हिला भारच नव्हता. मिनलचा चेहरा उतरला. उचलायचा विचार केला, दाबायचा राहून गेला, असं ती स्वतःवरच रागावून म्हणाली. रेतीची पोती आणायची तर ट्रॅक्टर हवा, आणि तो येईस्तोवर अशी थरथरणारी पाटी टिकणार नव्हती. मग पुन्हा उन्हाळाभर तेच हंडे. काठावरचे गडी घराकडे वळले. बाबनरावानं बायकोला खाली उतरायला सांगितलं.

ती उतरली नाही. मिनलकडे वळून म्हणाली, "मॅडम, वजनच पाह्यजे ना? मंग आमी काय हलक्या आहो का?"

मिनलनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाटीच्या कडेकडे. सगळे दोर स्वतः ओढून तपासले, मनाशी हिशेब केला आणि मान डोलावली. जिच्या थोराड अंगावरून गाव आयुष्यभर चेष्टा करत आलं, ती प्रेमिला सगळ्यांत आधी पुढे झाली. आज मायं खाल्लेलं कामी आलं, म्हणाली. तिच्यामागून शामला, आणि मग भागीरथाबाई.

पाटीच्या वीतभर कडेवर तिचा अनवाणी पाय टेकला. पायाखाली नदी होती. अख्खी नदी! तळव्यांतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून छातीत तिचा धडधडाट चढत होता. या नदीत तिनं कपडे धुतले, लेकरं न्हाऊ घातली, हिचंच पाणी पिऊन ती म्हातारी झाली, पण ही एवढी थोर आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. भीती वाटली, पण हात जोडावेत अशी भीती. हातांनी गज घट्ट धरलेला होता, म्हणून तिनं मनातल्या मनात जोडले.

मिनलनं सांगितलं तसा तिघींनी गुडघे वाकवून एकदम भार दिला. पाटी बोटभर सरकली. पुन्हा दिला. पुन्हा बोटभर. आणि मग एकाएकी पाटी खाली गेली अन् धप्पकन बसली.

खळखळाट बंद. श्रावणापासून रात्रंदिवस गावाच्या कानात असलेला तो आवाज असा अचानक थांबला की घराकडे निघालेले गडीसुद्धा मागे वळले. उताराकडचे गोटे एकेक करून उघडे पडले, आणि वरच्या अंगाला पाणी थबकलं, पसरलं, हळूहळू चढत काठच्या पळसांच्या बुंध्यांना जाऊन भिडलं. मिनल खांबाला टेकून मटकन खाली बसली आणि डोळे पुसू लागली. एवढं पाणी आपल्या पायांनी थांबलं, यावर भागीरथाबाईचा विश्वासच बसेना.

ओल्या लुगड्यानंच ती काठावर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. रागानं की आनंदानं, तिचा आवाज चढला होता.

"अजी, एवढं मोठं तुमी दरसाल पाहून राह्यले होते? अन् मले एक शब्द सांगितला नाही?"

बाबनराव पाण्यावरून नजर न काढता म्हणाला, "सांगाचं होतं वं, पह्यल्याच साली. पण पायाखाली नदी थांबते, हे तोंडानं कसं सांगाव? तिथं जाऊन उभंच राहा लागते."

"मंग मले नेलं काहून नाही?"

बाबनरावानं पाण्यावरची नजर काढली आणि तिच्या ओल्या, अनवाणी पायांकडे वळवली.