उलट्या हातानं

तोवेबाईंना साके कसं प्यायचं हे कोहारुनं शिकवलं होतं, आणि या गोष्टीचा तिला इतका अभिमान होता की वर्गातल्या निम्म्या पोरींना तो आता पाठ झाला होता. तोवेबाई डेन्मार्कहून जपानला, तिच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेल्या. उंच इतक्या की दारातून वाकूनच यायच्या, आणि समोर येईल ते मनापासून खायच्या. मधल्या सुट्टीत कोहारुनं त्यांना तांदळाच्या दारूऐवजी पाण्याची बाटली आणि चहाचे पेले घेऊन सगळा सराव करून घेतला. आपला पेला आपण कधी भरायचा नाही. शेजाऱ्याचा पेला रिकामा दिसला की सुरई उचलायची, एक हात वर, एक हात खाली, आणि हलकेच ओतायचं. मग तो तुमचा भरतो. बाईंनी हे सगळं वहीत उतरवलं, चित्रांसकट.

आज त्यांची परीक्षा होती, कोहारुच्या घरच्या खाण्यापिण्याच्या दुकानात.

दुकान हाचिनोहेच्या बंदरामागच्या गल्लीत, लाल कंदिलाचं, एका लांब फळीपुढे मोजक्या खुर्च्या मांडलेलं. पाच वाजता उघडायचं आणि नोव्हेंबरात तोवर काळोख पडलेला असायचा. ओइकावा आजोबा नेहमीसारखे दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसले होते. बाईंनी मात्र आत शिरल्या शिरल्या कोपऱ्याकडे मोर्चा वळवला.

"तिथे नको हां बाई, ती बाबांची जागा आहे," कोहारु म्हणाली. "ते समुद्रावर गेलेत. आले की तिथेच बसतात."

हे ती अगदी सहज म्हणाली. सहज म्हणायची तिला सवय झाली होती.

फेब्रुवारीत तिचे बाबा, तेत्सुरो, माकूळ धरायला गेले. बोट सापडली, बाबा सापडले नाहीत. त्या दिवसापासून आई रोज दुकान उघडायच्या आधी कोपऱ्यात त्यांचं ताट मांडायची: भात, भाजलेला बांगडा, झाकणाच्या लाकडी वाटीत मिसोचं सार, आणि साकेचा छोटा पेला. घरचं माणूस लांब असलं की असं ताट मांडतात. मग थोड्या वेळानं साराचं झाकण उचलून बघायचं. आतून ओलं असेल तर माणूस सुखरूप आहे. कोरडं निघालं तर... पण आईचं झाकण कधी कोरडं निघालंच नव्हतं. निघेल कसं? सार वाढायचं काम कोहारुचं होतं, आणि ती ते इतकं उकळतं वाढायची की बोटं भाजायची.

काका मात्र आता मागे लागले होते. फोटो ठेवून का होईना, अंत्यविधी उरकून घेऊ म्हणायचे. माझ्या झाकणाला घाम येतोय तोवर नाही, असं म्हणून आईनं त्यांना दोनदा परतवलं होतं. रविवारी ते पुन्हा विचारायला येणार होते, या वेळी भटजींना घेऊन. कोहारुनं ठरवूनच टाकलं होतं की रविवारी ती झाकण काकांच्या नाकासमोर धरणार.

तर बाई कोपऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. आई मागे चुलीशी होती. कोहारुनं एकेक बशी पुढे ठेवायला सुरुवात केली. मुळ्याचे शिजवलेले जाड काप बाईंनी डोळे मिटून खाल्ले. माकुळाच्या आतड्यांचं खारवण आलं तेव्हा ओइकावा आजोबा पुढे झुकले, कारण इथं भले भले पाहुणे माघार घेतात. बाईंनी चॉपस्टिकनं ते उचललं, गिळलं, आणि पुस्तकातून उचललेल्या भाषेत म्हणाल्या की कृपया हेच अजून थोडं देण्याची कृपा करावी.

"हिला सून करून घेतली असती," आजोबा म्हणाले, "पण माझ्या घराचं छत ठेंगणं आहे."

बाई इतक्या हसल्या की त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी सुरई उचलली, एक हात वर, एक हात खाली, आणि कोपऱ्यातला बाबांचा पेला भरला. कोहारुला भरून आलं. आपली शिकवण, दुसरं काय! ती बांगडा आणायला आत गेली, आली, तर बाई तोच पेला पुन्हा भरत होत्या. सांडला असेल, तिला वाटलं. फळी पुसायला फडकं घेतलं तर फळी कोरडी होती.

नंतर तिच्या लक्षात आलं की बाईंचा पेलाही भरलेला आहे. त्या रिकामा करत होत्या, आणि ती पाठ वळवून परत येईपर्यंत तो काठोकाठ असायचा. आजोबांनी भरला म्हणावं, तर आजोबा पार दाराशी, आणि त्यांचे गुडघे असे की एकदा बसले की घरी जायलाच उठायचे. बाईंनी स्वतःच भरला? मग त्या नापास. कोहारु हे त्यांना सांगणारच होती, तेवढ्यात बाईंनी तिसऱ्यांदा सुरई उचलली.

या वेळी त्यांनी मनगट फिरवलं. तळहात छताकडे, हाताची पाठ फळीकडे, आणि तशी, उलट्या हातानं, धार बाबांच्या पेल्यात सोडली.

ओइकावा आजोबांनी ओठाला लावलेला पेला खाली घेतला.

असं कुणी ओतत नाही. कोहारुनं हे आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तिचे स्वतःचे आजोबा गेले तेव्हा. गेलेल्या माणसाचं सगळं उलटं करतात. अंगावरच्या किमोनोची बाजू उलटी, उशाशी ठेवलेला पडदा उलटा, आणि शेवटचं साकेही उलट्या हातानं. हे तिनं बाईंना शिकवलं नव्हतं. का शिकवेल? बाईंच्या वहीत याचं चित्र नव्हतं.

"बाई, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुझ्या बाबांनी," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं कौतुक होतंय. "मी आधी नीट ओतलं, दोन वेळा. पण पेला रिकामा झाला तरी सरळ हातानं ओतलेलं पोचत नाही म्हणाले. इतके महिने पोचलं नाही म्हणाले."

कोहारुनं कोपऱ्याकडे पाहिलं. खुर्ची होती, ताट होतं, बांगड्याला कुणी हात लावला नव्हता. फक्त पेल्यातलं साके खाली चाललं होतं, सावकाश, कुणीतरी घोट घोट घ्यावा तसं.

चुलीवरचं काहीतरी करपल्याचा वास आला. आई चुलीपुढच्या पडद्याशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कोहारु, झाकण बघ."

कोहारुनं साराचं झाकण उचललं. देवा, ओलं असू दे. ओलं होतं, नुसतं निथळत होतं. "ओलं आहे आई," ती म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बघ ना, ओलं आहे."

आणि मग थेंब तिच्या मनगटावर ओघळले. ते बर्फासारखे गार होते. सार तर तिनं आजही उकळतंच वाढलं होतं. तिनं ओठानं मनगट टिपलं, नकळत, लहानपणी पोहून आल्यावर टिपायची तसं. खारट. साराचं खारट नव्हे.

आई फळीला वळसा घालून आली होती. "ओलं आहे ते दिसतंय," ती म्हणाली. "आणखी काय?"

काहीच नाही, असं म्हणता आलं असतं. काका येतील, झाकण दाखवू, ते जातील, आणि उद्या परत सार उकळायचं. कोहारुच्या जिभेवर ते आलंही होतं, पण जिभेवर मीठ होतं.

"गार आहे," ती म्हणाली. "समुद्राचं आहे."

आईनं झाकण हातात घेतलं. एक थेंब बोटावर घेऊन तोंडाला लावला. मग तिनं बाईंच्या हातातून सुरई मागून घेतली. पेल्यासमोर आली, पदर खोचावा तशी किमोनोची बाही आवरली, आणि मनगट फिरवलं. धार बारीक होती. पेला भरत होता आणि त्याच वेळी रिकामा होत होता. आई सुरई संपेपर्यंत ओतत राहिली.

ओइकावा आजोबा गुडघ्यांवर हात देऊन उठले. त्यांनी आपला पेला नुसताच उंचावला, गेलेल्या माणसासाठी उंचावतात तसा, कशाला न भिडवता, आणि खाली मान घालून पिऊन टाकला. बाई गोंधळल्या. पेला भिडवायचा असतो, हेही कोहारुनं त्यांना पक्कं शिकवलं होतं. म्हणून त्या आपला पेला घेऊन कोपऱ्याकडे वळल्या, आणि तशाच थांबल्या.

"गेले?" त्या म्हणाल्या. "निरोपही न घेता?"

"घेतला," आई म्हणाली.

तिनं रिकामा पेला फळीवर पालथा घातला आणि खुर्ची आत सरकवली. खुर्चीचं आसन चिंब होतं.