अक्काच्या पायांना वाटी कोण लावणार?

मी वाटी बोलतेय. थांबा, लगेच वरण वाढायला धावू नका! माझी जागा ताटात नाही, तळपायाखाली आहे. मी पाय घासायची काशाची वाटी. तोंडाने जरा फटकळ, पण बुडाने एकदम गुळगुळीत.

तांबं आणि कथील वितळवून धुळ्याच्या एका कासाराने मला घडवलं. भिकुबाईच्या लग्नात तिच्या आईने मला भांड्यांत ठेवलं आणि लेकीला बजावलं, "जवाईना पाय तपतीन, तं हाई वाटी घासजो." अशी मी अमळनेरला सासरी आले.

जावई म्हणजे प्रेमराजनाना. तेलाच्या गिरणीत दिवसभर उभं राहायचं काम, त्यात आपल्या खान्देशातलं ऊन! संध्याकाळी नाना पाय सोडून बसायचे, भिकुबाई तळव्यांना तूप लावून मला गोल गोल फिरवायची. थोड्या वेळात तूप काळंभोर. नाना खूश. "देख, कितली गरमी निंघनी!" आता त्या काळ्यात थोडा माझ्या अंगचाही रंग असतो, पण मला कोणी विचारलं नाही. नाना बसल्या जागी पेंगायला लागायचे, मला तेवढं पुरे होतं.

मग सासूचे पाय, परीक्षेच्या दिवसांत दीपक आणि सुलक्षणा या पोरांचे पाय, शेजारणींचेही पाय. भिकुबाई सगळ्या गल्लीची अक्का झाली. फक्त एकच जोडी मला कधी भेटली नाही, खुद्द अक्काची! "मले काय व्हस?" म्हणायची आणि उठून भाकरी टाकायला जायची. माझा जीव नुसता चडफडायचा.

पुढे दीपकने पुण्याहून पाय दाबायचं मशीन पाठवलं. घुर्रर करायचं मेलं. माझी रवानगी गॅसजवळ, मोहरी ठेवायला! मशीनची वायर उंदराने कुरतडली तरी माझी आठवण कुणाला झाली नाही. अक्काला शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. मी आपली मोहरी सांभाळत बसले.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुलक्षणा बोदवडहून माहेरी आली. निंबाला झोका, घरात आमरस, सांजोऱ्या, नुसती धमाल. अक्का बाहेरून पाण्याची कळशी घेऊन आली आणि सगळे हसायला लागले. तिची एक चप्पल अंगणातच राहिली होती, आणि बाई एकाच चपलेने स्वयंपाकघरापर्यंत आलेली! तिला पत्ताच नाही. तीही हसली. सुलक्षणा मात्र हसली नाही.

"आई, बस. पाय दाखव."

अक्काने पाय लुगड्यात ओढून घेतले. "आखाजीनी लेक म्हंजे गौराई शे. तू मन्हा पायले हात लावशी? पाप लागी मले!"

नानांनीही मान डोलावली. "तुन्ही माय खरं सांगस. लेकना हात पायले लागू देत नहीत."

सुलक्षणाने इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. मोहरी डब्यात ओतली, मला घासूनपुसून लख्ख केलं, तूप घेतलं. "हात कोण लावतंय? वाटी लावते. वाटीला कसलं आलंय पाप?"

अक्काने लुगड्यातून पाय हळूच पुढे केला. आणि मी? अहो, मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते! इतक्या वर्षांनी अक्काचा पाय!

उजव्या पायाला नुसत्या भेगा होत्या. डाव्या टाचेशी मात्र मी अडखळले. भेगेत बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि भोवती पू धरला होता. मी त्याच्यावरून गेले, तरी अक्का सांजोऱ्यांच्या सारणाचंच सांगत होती. तिला काही म्हणजे काही कळलं नाही.

सुलक्षणाने मला बाजूला ठेवलं आणि टाच दोन्ही हातांत धरली. अक्का किंचाळली, "पाप लागी ना, पोरी!"

"लागू दे!" सुलक्षणा रडतच ओरडली. "पाय राहिला, तर पाप नंतर फेडू!"

डॉक्टरांनी काटा काढला. "शुगरवाल्याच्या पायाला दुखलेलं कळत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं, रोज," असं म्हणाले. "अजून उशीर केला असता तर..." एवढं बोलून त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी मान खाली घातली.

सुलक्षणा सासरी परतली. आता संध्याकाळी अक्काच्या पायाशी कोण बसतं, सांगा बरं? नाना! आधी दाराला कडी लावतात, लोक काय म्हणतील म्हणून. मग चष्मा चढवून तळवे, टाचा, बोटांच्या फटी बघतात. डावी टाच भरत आलीये, तिच्यावर मला बंदी आहे. उजव्या पायावर हलक्या हाताने फिरते. अक्का लाजून चूर होते, "ऱ्हाऊ द्या ना," म्हणते. नाना ऐकत नाहीत.

मोहरी आता डब्यातच असते, आणि मी मजेत आहे. तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात माझ्यासारखी वाटी नसली तरी चालेल. आज आईला उजेडात बसवा आणि तिचे तळवे बघा. "मले काय व्हस?" म्हणेल ती, पाय ओढून घेईल. सोडू नका.