माळावर कुणी नाही

जैतूने सकाळी सुकटीबरोबर तांदळाची भाकर खाल्ली, अर्धी फडक्यात बांधली आणि तो माळावर कामाला निघाला. पळस्प्याहून आत, डोंगरावरच्या त्या माळावर एका कंपनीच्या पवनचक्क्या यायच्या होत्या. त्याआधी वारा मोजायला उंच खांब उभा करायचा होता आणि कातकरी वाडीतले पुरुष त्याचे खड्डे खणत होते.

फडक्यातली भाकर रंभेची होती. रंभा त्याची बायको. गेल्या साली तापाने गेली. माळाच्या कडेला तिला पुरलं होतं. जैतू रोज तिथे तुकडा ठेवायचा, थोडा वेळ बसायचा आणि कामाला लागायचा.

वाडीचा माणूस मेला तर त्याला गावाच्या हद्दीत पुरायचं नाही, ही गावकीची जुनी बंदी होती. वाडी आपली माणसं गुपचूप माळावर न्यायची आणि वर साधे दगड मांडायची. गावाला कळलं तर तीही जागा जाईल, म्हणून वाडीबाहेर याबद्दल कुणी बोलत नसे. पर्यावरणाचा अहवाल लिहायला आलेल्या विनिता मॅडमनी माळावर देवस्थान, दफनभूमी आहे का विचारलं, तेव्हा सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. जैतूनेही.

संध्याकाळी त्याची मुलगी मैना चुलीपुढे बसून म्हणाली, “बाबा, खांबाला ताणायची तार आयेच्या उशाला आलीय. उद्या पंखे आले म्हंजी तिच्यावरनं गाड्या फिरतील. मंग तू कुठं बसशील?”

जैतू ताटावरून उठला. तो त्या रात्री जेवला नाही.

मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जिल्ह्याहून साहेब आले. सुनावणी देवळाच्या मंडपात होती. गाव सतरंजीवर बसलं, वाडी खाली चपलांपाशी. विनिता मॅडमनी अहवाल वाचला. माळ ओसाड, वस्ती नाही, दफनभूमी नाही. गावाला रस्ता मिळणार होता, राखणदाराच्या नोकऱ्या मिळणार होत्या. साहेबांनी वाडीचं मत विचारलं तेव्हा गावकीचा पुढारी काशिरामशेट बसल्या जागेवरून म्हणाला, “वाडीचं आमीच बोलतो, सायेब. त्यांना येगळं मत कुठलं?” मंडपात हशा पिकला.

जैतू उठला आणि पायऱ्या चढू लागला. त्याच्या वाडीतलं कुणी त्या पायऱ्या कधी चढलं नव्हतं.

“जैत्या, खालून बोल,” काशिराम म्हणाला.

“खालून बोललेलं कागदावर चढत नाय, शेट.” त्याने माईक धरला. “सायेब, माळावर आमची मयतं हायत. माझा आजा हाय. माझी रंभा हाय.”

“मंग ह्या मॅडमनी इचारलं तवा तोंड शिवलेलं का?” काशिराम म्हणाला.

“तुमच्या भ्यानं.”

“आमच्या माळात मुडदे पुरता? आमाला न इचारता?”

“इचारलं आस्तं तर कुठं पुरू दिलं आस्तं?”

विनिता मॅडमनी हातातला अहवाल मिटला. साहेब उठले आणि जैतूला म्हणाले, “चला, दाखवा.”

वर त्यांनी दगडांच्या रांगा पाहिल्या. त्यातले काही दगड खांबाच्या तारांवर वजन म्हणून रचले होते. वाडीच्याच माणसांनी, मुकादमाने सांगितलं म्हणून, मान खाली घालून ते उचलले होते. साहेबांनी मंजुरी रोखली आणि पाहणी पुन्हा करायला सांगितली. खांब माळाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

साहेबांची जीप वळली तशी गावाने मंडप धुतला. वाडीला दुकान बंद झालं, शेतावरचं काम बंद झालं. पुरुष कळंबोलीला लोखंड उचलायला जाऊ लागले. माळाच्या वाटेवर गावाने करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

दिवाळीनंतर वाडीतला म्हातारा धोंडी गेला. त्याला घेऊन लोक कुंपणापाशी आले. पलीकडे काशिराम आणि गावचे तरुण उभे होते.

“परत फिरा,” काशिराम म्हणाला. “नायतर हितंच कुजंल तो.”

जैतूने खांदा दुसऱ्याला दिला. खाली बसला आणि एकेक काटी हाताने उपसू लागला. मैना त्याच्या शेजारी बसली. मग बाकीच्या बायका बसल्या. त्यांच्या हातांतून रक्त येत होतं आणि कुंपणापलीकडून कुणी पुढे येत नव्हतं, ना अडवायला, ना हात लावायला.

त्या कुंपणाची एकही काटी कंपनीने लावली नव्हती. सगळ्या आपणच, आपल्या गावांनी, लावल्या होत्या. गावोगाव अशा काट्या अजून उभ्या आहेत.