येतो म्हणून गेलेली

आम्ही बौद्ध. भूतप्रेत मानायचं नाही ही घरची शिस्त, आणि ती मी माहेरापासून पाळत आले. म्हणून पुढचं मी कोणाला सांगत नाही.

माझ्या सासूबाई, पार्वताबाई, अमरावतीकडच्या. साठ वर्षं जबलपुरात, दीक्षितपुऱ्यातल्या दोन खोल्यांत काढली, पण बोली सोडली नाही. तिकडच्या बायका स्वतःबद्दलही 'येतो'च म्हणतात. सासूबाई भाजीला निघाल्या तरी उंबऱ्यात थांबून "येतो" म्हणायच्या आणि आतून कोणी "या" म्हणेपर्यंत पाऊल उचलायच्या नाहीत. "जातो म्हणू नाही," त्या सांगत, "जातो म्हणणाऱ्याले घर इसरते." माझी मुलगी विनीता हसायची. तिला मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र गाडी हिंदीवर घसरायची.

विनीताला न्यूझीलंडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. फीचा आकडा ऐकून माझे यजमान, रत्नाकर, दोन दिवस धड जेवले नाहीत. एवढा पैसा घरात एकाच माणसाकडे होता. सासरे कारखान्यात नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या फंडाला सासूबाईंनी कधी हात लावला नव्हता. "घे पोरी," त्या म्हणाल्या, "पण वापस ये." व्हिसाच्या फॉर्मवर 'खर्च कोण करणार' या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं आणि खाली त्यांचाच मोबाइल नंबर.

फॉर्म गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंच्या छातीत कळ आली. ऑटोत बसवताना त्या "येतो" म्हणाल्या. मी म्हटलं, "या." दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यातच गेल्या.

खोटं कशाला बोलू, व्हिसावाल्यांपासून आम्ही ते लपवलं. सदर बाजारातल्या व्हिसा एजंटलाही सांगितलं नाही. फंडाच्या खात्यावर रत्नाकरांचंही नाव होतं, पैसा कुठे जात नव्हता. पण खर्च करणारं माणूसच नाही म्हटल्यावर फॉर्म पुन्हा भरा, आणि तोवर पोरीचं वर्ष बुडालं असतं. सासूबाईंचा मोबाइल बंद करून मी लोखंडी कपाटात टाकला. या सगळ्या लपवाछपवीत मी रडलेसुद्धा नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

सासूबाईंच्या जलदान विधीच्या दिवशी, गुरुवारी, घराला कुलूप लावून आम्ही सगळे विहारात होतो. सोमवारी एजंटचा फोन आला.

"मुबारक हो दीदी, वीज़ा हो गया! गुरुवार को माताजी से बात हो गई थी उनकी."

"कोणाशी?" मी मराठीतच ओरडले.

"माताजी से. वीज़ा वाली मैडम ने पूछा, लड़की लौटेगी? माताजी बोलीं, 'येतो' बोलके जाएगी तो लौटेगी. दीदी, ये 'येतो' क्या होता है?"

मी कपाट उघडलं. मोबाइल तिथेच होता, बंद. बॅटरी खलास.

"नंबर चुकला असेल," रत्नाकर म्हणाले. "दुसरी कोणी म्हातारी बोलली असेल." ती दुसरी म्हातारी शोधायला ते निघाले असते, तर मीच त्यांच्या चपला पुढे आणून ठेवल्या असत्या. ते काही निघाले नाहीत.

विनीता निघाली ती भर दुपारी, लख्ख उन्हात. ऑटो दारात उभा होता. तिने मला मिठी मारली, डोळे पुसले आणि घाईघाईत म्हणाली, "चलो मम्मी, जाते."

कपाटात मोबाइल वाजला.

आम्ही दोघं जागचे हललो नाही. विनीताच गेली. फोन कानाला लावून ऐकत राहिली. "हो आजी... चुकलं माझं," एवढंच बोलली. मग फोन घेऊन उंबऱ्यात आली आणि नीट, एकेक अक्षर उच्चारत म्हणाली, "येतो."

फोन माझ्या हातात देऊन ती ऑटोत बसली. रत्नाकर तिच्याबरोबर स्टेशनवर गेले.

मी फोन कानाला लावला.

"प्रतिमा, पोरगी येतो म्हणून गेली," सासूबाई म्हणाल्या. "आता काही काळजी नाही. मी जातो."

उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. "आई, जाऊ नका," असं म्हणायचं सुचेपर्यंत फोन काळा पडला होता. मग मी उंबऱ्यात बसले आणि पोटभर रडले. लोकांसाठी त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. माझ्यासाठी सासूबाई त्या दुपारी गेल्या.