दगडी सिंहाशेजारची जागा

मी एक जुना चपलांचा जोड आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! माझा अंगठा कितीदा तरी शिवलाय, टाच पार झिजलीय. पण चांभाराने माझ्या मालकीणबाईंच्या सुजऱ्या पायांचं माप घेऊनच मला बनवलं होतं. नंतर आलेले नवे जोड त्यांना चावले आणि कपाटात गेले. हल्ली बाईंना कधीकधी लेकीचं नावही आठवत नाही. मला मात्र त्या बरोब्बर ओळखतात. म्हणून तर लेकीने मलाही परदेशी आणलं.

बुद्धाचं ते मंदिर बघून दोघींचे डोळेच दिपले. पांढराशुभ्र दगड, वर सोनेरी कळस! बाईंनी मला पायऱ्यांपाशी, दगडी सिंहाशेजारी काढलं. "इथेच ठेवते हं," त्या स्वतःलाच म्हणाल्या. त्या वळल्या मात्र, लेकीने मला गुपचूप पिशवीत कोंबलं. देवळाबाहेर चपला चोरीला जातात, ही तिची जन्माची धास्ती!

अशी माझी स्वारी चक्क मंदिरात गेली. पिशवीच्या फटीतून पाहतो तर काय, बुद्धाची आडवी पहुडलेली मूर्ती! एकेक पाऊल माणसाएवढं. या पायांना जोड कोण शिवणार, असा मी विचार करत होतो. लेक फोटो काढण्यात गुंगली होती.

"आई? अगं आई!"

बाई कुठेच नव्हत्या. लेक खांबाखांबामागे धावली. भिक्खूंना विचारलं, पहारेकऱ्याला हातवारे केले. तिची भाषा कुणालाच कळेना.

मला मात्र सगळं कळून चुकलं होतं. बाई बाहेर मला शोधत असणार! या दारातून त्या दारात, अनवाणी, तापलेल्या फरशीवर. आणि पलीकडे गाड्यांचा रस्ता. माझा जीव नुसता तळमळत होता. पण चपलेला तोंड कुठे असतं?

शेवटी लेक रडवेली होऊन बाहेर पायरीवर येऊन बसली. पाण्याची बाटली काढताना तिचा हात माझ्यावर पडला आणि ती थिजलीच.

"अगं बाई! ती ह्याच शोधत असणार!"

तिने मला पुन्हा सिंहाशेजारी ठेवलं. किती पाय आले, आपापले जोड घालून निघून गेले. मग ती ओळखीची वाकडी करंगळी दिसली. तळवे लालबुंद झाले होते.

"इथेच तर होत्या! मी काय वेडी आहे?" बाई माझ्यात पाय सरकवत म्हणाल्या.

लेक हुंदके देत त्यांना बिलगली. बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"रडू नको गं बाळ. तुझ्याही चपला हरवल्या का? सापडतील हो."

मित्रांनो, विसरणाऱ्या माणसाची वस्तू त्याला न सांगता हलवू नका. ती जागेवर असली, तर ते माणूस निदान तिथवर तरी परत येतं.