दुसरा घाव

माझ्या खापरपणजोबांनी मिहायोच्या खापरपणजोबांना भाल्यांनी भोसकलं, त्यांनीही आमचे बरेच लोळवले, आणि शेवटी दोन्ही बाजू दमल्या. तेव्हापासून आम्हा न्गोनी लोकांचं मिहायोच्या न्यामवेझी लोकांशी थट्टेचं नातं आहे. मी त्याला वाटेल ते बोलावं, त्याच्या ताटातला मटणाचा तुकडा उचलावा, आणि त्याने रागवायचं नाही. रागावला तर दंडाची कोंबडी माझी. ताबोरा शहराजवळच्या या गावात तीस वर्षं मी शिवणयंत्र चालवते आहे, आणि एवढ्या वर्षांत एकही टोमणा गिळलेला नाही.

मिहायो मधवाला. रानात झाडांवर सालीची नळकांडी टांगतो, त्यात मधमाश्या बसतात, आणि हा आयता मध काढतो. एका दुपारी मधाचे डबे सायकलला बांधून तो परतत असताना नदीपलीकडच्या गावचा सलूम कोयता घेऊन आडवा आला. सायकल हवी होती त्याला. मिहायोकडे कुऱ्हाड होती. सलूम जागीच गेला.

पोलिसांनी आठ दिवस चौकशी केली आणि जीव वाचवायला मारलं, असं लिहून त्याला सोडलं. गावाने बकरं कापलं. कालपर्यंत ज्याला कोणी बसायला पाट देत नव्हतं त्याला आता सगळे 'सिंह' म्हणू लागले. सिंह मात्र दिवसेंदिवस वाळत चालला. घास तोंडाशी न्यायचा आणि खाली ठेवायचा.

मला त्याचा राग आला. "काय रे, मेलेल्याच्या वाटणीचा उपास तू करतोस का?" मी माझ्या ओट्यावरूनच विचारलं.

तो येऊन यंत्राजवळ बसला. "ओटिलिया, दोन घाव घातले मी."

"पोलिसांनीही दोनच मोजले. झटापटीत होतात म्हणाले."

"पहिल्याला तो पडला. मग त्याचा हात हलला. कोयत्याकडे जात होता, का नुसताच हलत होता, मला माहीत नाही. मी थांबलो नाही. भीती होती का राग होता, तेही माहीत नाही."

मी दोरा तोडला. तो म्हणाला, "परवा त्याचा चाळिसावा आहे. त्याच्या आईकडे जायचंय. पण दारात पाय ठेवला तर तिचे भाऊबंद मला उभा चिरतील."

"तू एकटा गेलास तर चिरतीलच. मी पुढे होते."

तिथलेही सगळे न्यामवेझीच. मयताच्या घरी आम्हा थट्टेकऱ्यांना कोणी अडवत नाही, उलट आम्ही गेलो नाही तर लोकांना चुकल्यासारखं होतं. अंगणात शिरतानाच मी गळा काढला. "सलूम, अरे आळशा, चाळीस दिवस झाले, अजून उठला नाहीस? आणि सायकल चोरायला निघालास, तुला चालवता तरी येत होती का?"

बायकांनी पदर तोंडाशी नेले. त्याची आई, तातू म्हातारी, चटईवर बसली होती. तिला हसू आलं आणि ते तिने दाबलं नाही. "कुठली येतेय. शिकताना माझ्याच कुंपणात घुसला होता मेला." हसता हसता ती रडायला लागली, मग डोळे पुसून म्हणाली, "तुझ्या मागे कोण उभं आहे गं?"

"माझा गुलाम. मधवाला."

तिच्या भाऊबंदांतला एक उठला. मी त्याच्या वाटेत बसकण मारली आणि म्हटलं, "मला ओलांडायचं असेल तर आधी कोंबडी काढ." तो दातओठ खात खाली बसला.

मिहायो म्हातारीपुढे खाली बसला आणि मला सांगितलं होतं तेच सगळं त्याने तिला सांगितलं, हातासकट, रागासकट. पोलिसांना त्याने रागाचं सांगितलं नव्हतं.

"कफन बांधायच्या आधी दोन्ही घाव पाहिले होते मी," ती म्हणाली. "पहिल्याबद्दल मी काही बोलत नाही. माझ्याच पोराने कोयता उचलला होता. दुसरा कशाला?"

"माहीत नाही, आई."

"मग कळेपर्यंत येत जा. कळलं की मला सांग."

तिने माफ केलं नाही. तिने त्याच्यापुढे पुलावाची थाळी सरकवली आणि तो जेवला, हावऱ्यासारखा. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

याला आता चार वर्षं झाली. दर महिन्याला तो मधाचा डबा घेऊन नदी ओलांडतो. तिचं छप्पर त्याने शाकारलं, कुंपणही नीट केलं. दर वेळी ती विचारते, "कळलं का?" तो मानेनेच नाही म्हणतो, मग दोघं चहा पितात. गेल्या महिन्यात मीही बरोबर गेले होते. तो विहिरीवर गेला तशी म्हातारीने मला जवळ ओढलं.

"ओटिलिया, त्याला खरंच कळलं तर तो यायचा बंद होईल का गं?"

"तातूमावशी, न्यामवेझी आहे तो," मी म्हटलं. "घाबरू नका. त्याला जन्मात काही कळायचं नाही."