शून्यापासून पन्नास झोके

चुलतबहीण सुट्टीत आमच्याकडे राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी बाबांच्या वर्कशॉपमधल्या माझ्या स्टुलावर जाऊन बसली. माझ्या! खिडकीजवळच्या, एक पाय डुगडुगणाऱ्या. "इंजिनिअरिंगला आहे ती," बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले. मी नववीत पहिली आले, ते कोणाला सांगत नाहीत.

ताईने कनेक्टिंग रॉड उचलला. इंजिनात पिस्टनला धरून नाचणारा हा दांडा दोन दिवस रॉकेलमध्ये घासून मीच लख्ख केला होता. तिने त्रिकोणी कानस व्हाइसमध्ये आडवी आवळली, तिच्या धारेवर दांड्याच्या एका टोकाचं भोक अडकवलं आणि हलकासा झोका दिला. पन्नास झोक्यांचा वेळ घ्यायचा, मग दांडा उलटा टांगून पुन्हा घ्यायचा. त्यावरून दांडा फिरायला किती आढेवेढे घेतो ते कळतं. दोन्हीकडचा वेळ वेगळा, पण गणित केलं की उत्तर एकच यायला हवं.

"जिचं उत्तर जुळेल, तिचं स्टूल," माझं फुगलेलं तोंड बघून बाबा म्हणाले.

ताईचं जुळेना. तीनदा केलं तरी नाही. मला तर आतून गुदगुल्या होत होत्या, कारण चूक मला दिसली होती. स्टॉपवॉच दाबतानाच ती "एक" म्हणायची! म्हणजे पन्नास म्हणेपर्यंत झोके एकोणपन्नासच, आणि ही चूक दोन टोकांची उत्तरं वेगवेगळी बिघडवते. मी आपली मिठाची गुळणी धरून उभी.

"काका, दांडाच वाकलाय बहुतेक," ताई रडवेली झाली.

"मग भंगारात टाकू. वाकडा दांडा इंजिनात घालून काय करू?" बाबांनी हात पुढे केला.

माझा दांडा!

"अगं, शून्य म्हण, शून्य!" मी किंचाळले. "घड्याळ दाबताना शून्य! एक झोका झाल्यावर एक!"

मला वाटलं, आता ही ओशाळणार. तर तिने मला मिठीच मारली. "तू मोज, मी घड्याळ धरते!"

मोजलं. उलटं टांगून पुन्हा मोजलं. ताईने आकडे फोनमध्ये घातले.

"काका, माझं जुळलं!"

"तुझं?" मी कमरेवर हात ठेवले. "मोजलं कोणी?"

बाबांनी हसू मिशीत दाबलं. "मोजणारी बसेल. घड्याळवाली उभी राहिली तरी चालेल."

मी ऐटीत बसले. ताई कानाशी वाकली. "तुला कधीपासून दिसत होतं गं?"

"पहिल्यापासून."

"डांबिस!" म्हणून ती खदखदून हसली. मला दीड पान लागलं असतं ते मघाचं गणित तिने उभ्याउभ्या, एका हाताने फोनवर करून टाकलं होतं.

स्टूल माझंच होतं. तरी झाला परत जळफळाट.